गोदाला गाडीत बसवायला गेलो

मखमलाबाद, नाशिक
२३ जून २००३

तीर्थरूप वाल्मीकदादा आणि सौ. वहिनी यांच्या चरणी धाकट्या गोरक्षचा दंडवत. (दंडवत फक्त कागदावर आहे. प्रत्यक्षात कंबर धरलेली असल्यानं मी सध्या देवापुढंही उभ्यानंच हात जोडतो. कंबर कशानं धरली ते पुढं येतंच आहे.)

आम्ही दोघं बरे आहोत. दादा, तुमचा गुडघा काय म्हणतो? मागं फोनवर तुम्ही सांगितलंत की डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली. मनमाडसारख्या स्टेशनात नोकरी करणाऱ्या माणसानं जिना न चढता एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जायचं कसं, हे त्या डॉक्टरांनी सांगितलं नसेलच. वहिनींनी ब्लडप्रेशरसाठी लोणचं सोडलं का? (सोडलं नसणार. शुभांगी म्हणते, वहिनी लोणचं सोडणार नाहीत, डॉक्टर सोडतील.) इकडे कुंभमेळा तोंडावर आल्यामुळं सगळं नाशिक खणून ठेवलंय. सकाळी ज्या रस्त्यानं कामाला जावं तो संध्याकाळी परत येईपर्यंत जागेवर असेलच अशी खात्री नाही. मी परवा अंबडहून घरी येताना तीन ठिकाणी वळसे घालत शेवटी ज्या चौकात पोचलो, तिथूनच निघालो होतो.

पत्रास कारण असं खास काही नाही. गोदा गेली, एवढंच कळवायचं होतं.

वरची ओळ वाचून वहिनींनी तोंडाला पदर लावला असेल तर आधी सांगतो, गेली म्हणजे तिच्या देशाला गेली, मेक्सिकोला. धडधाकट आहे, पोचल्याचा फोनही आला. आमच्या घराबाबतीत ‘गेली’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. पण खोडलं तर कागद घाण दिसतो, म्हणून तसाच ठेवला. आमच्या मंजूच्या दिवसांनंतर तुमचं इकडे येणं झालं नाही. (तक्रार नाही, दादा. काय बोलावं कळत नाही म्हणून माणसं येत नाहीत, हे मला समजतं. मीसुद्धा माझ्या घरी येताना पुष्कळदा तसाच बाहेर घुटमळायचो.) त्यामुळं गोदाला तुम्ही पाहिलेलंच नाही. तेव्हा मुळापासून सांगतो.

आमच्या कंपनीतले मोठे साहेब एका क्लबात आहेत. हा क्लब दरवर्षी इथली पोरं परदेशी शिकायला पाठवतो आणि तिकडची पोरं इथं आणून वर्षभर कॉलेजात घालतो. राहायचं कोणाच्या तरी घरी, घरच्यासारखं. गेल्या वर्षी मेक्सिकोची एक मुलगी साहेबांच्या बंगल्यावर उतरणार होती, पण ऐनवेळी बंगल्यात फरशी बदलायचं काम निघालं. (ती फरशी अजूनही बदलतेच आहे.) मी स्टोअरमध्ये बेअरिंगच्या पेट्या लावत होतो. साहेब आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “गोरक्ष, तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना?”

स्टोअरमध्ये एकदम सामसूम झाली. साहेब वाईट माणूस नाही, दादा. बोलून गेले. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच उमजलं, आणि उमजल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची कीव आली. केवळ त्यांना सोडवावं म्हणून मी म्हणालो, “हो साहेब, आहे की.” अशा रीतीनं मेक्सिको देश आमच्या घरी आला.

शुभांगी तेव्हा मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी सांगितलं, तरी ती बांधतच राहिली. सगळा ढीग संपला तेव्हा म्हणाली, “मधल्या घरात झोपेल ती. त्या खोलीत नाही.” त्या खोलीला मंजू गेल्यापासून कुलूप होतं. शुभांगी रोज सकाळी दाराबाहेरून झाडून घ्यायची आणि पुढं व्हायची.

आता विलायती पाहुणी म्हटल्यावर ती गोरीपान आणि सोनेरी केसांची असणार, अशी आमच्या आळीची ठाम समजूत. शेजारच्या सखुबाई तर इस्त्रीचं लुगडं नेसून सकाळपासून आमच्या ओट्यावर. जीप आली. त्यातून साहेबांचा ड्रायव्हर उतरला, मग एक बुटकी, सावळी, जाड काळ्या वेणीची मुलगी उतरली आणि ड्रायव्हरला बॅग काढू लागली. ड्रायव्हरनं मदतीला भाची आणली असेल असं समजून मी जीपच्या मागच्या दाराशी हार घेऊन उभा. बराच वेळ मेम काही उतरेना. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, “काका, हार तिला घाला. मागं स्टेपनी आहे.”

सखुबाईंचा तर त्याहून घोटाळा. त्या घरात आल्या, मुलीला म्हणाल्या, “पोरी, पाणी दे गं. मेम उठली का?” मुलीला त्यातला ‘पाणी’ एवढाच शब्द येत होता. तिनं पाणी आणून दिलं. सखुबाईंनी दोन दिवस गावभर सांगितलं की गोरक्षनं पाहुणीसाठी सटाण्याकडची कामाला ठेवलीय, पोरगी गुणाची हाय पण मुकी हाय. खरा प्रकार कळल्यावर मात्र त्यांनी तिला मांडीशी बसवून नाव विचारलं. तिचं नाव ग्वादालुपे. सखुबाईंनी ते तोंडात घोळवून पाहिलं, दोनदा अडकल्या आणि म्हणाल्या, “गोदा म्हणा की सरळ. एवढी नदी वाहती दारात, नि पोरीला कशाला आडवंतिडवं नाव!” त्या दिवसापासून ती गोदा. कॉलेजातसुद्धा गोदा.

परदेशी माणसाला तिखट चालत नाही, हे शुभांगीनं कुठंतरी ऐकलेलं. म्हणून तिनं गोदासाठी बिनफोडणीचं वरण, उकडलेले बटाटे, दूधभात असा दवाखान्याचा स्वयंपाक चालवला. पोरगी निमूट खायची, ताटात काही टाकायची नाही, पण दिवसेंदिवस तोंड उतरत चाललेलं. आम्हाला वाटलं घरची आठवण येत असेल. मग एके दिवशी मी मळ्यात गेलो तर गोदा मिरचीच्या वाफ्यात उकिडवी बसलेली, खिशात मीठ, आणि हिरव्यागार मिरच्या कचाकचा चावून खातेय. डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखा भाव. मला पाहून ती दचकली. चोरी पकडली गेल्यासारखी उभी राहिली. मी शुभांगीला बोलावलं. शुभांगीनं एक नजर मिरचीच्या देठांवर टाकली, एक पोरीवर, आणि हसली.

दादा, ती हसली. मंजूनंतर पहिल्यांदा. मी तिथंच बांधावर बसून घेतलं.

त्यानंतर घरात ठेच्याचा वरवंटा सुरू झाला तो थांबलाच नाही. गोदाच्या देशात मक्याची भाकरी करतात, आपल्याहून लहान नि पातळ. ती आमच्या तव्यावर करायला गेली, शुभांगीनं तिला आपली बाजरीची थापायला शिकवली, आणि दोघींची रोज ओट्याशी (चुलीच्या ओट्याशी म्हणतोय, बाहेरच्या नाही) चढाओढ. भाषेची अडचण फक्त मला. मी कॉलेजातलं ठेवणीतलं इंग्रजी काढायचो, आणि गोदा ते ऐकून शुभांगीकडे पाहायची. शुभांगी मराठीत सांगायची की पोरीला कळायचं. गोदाचं मराठी मळ्यातलं आणि सखुबाईंच्या ओट्यावरचं. क्लबानं तिला मोठ्या हॉटेलातल्या कार्यक्रमात चार शब्द बोलायला उभं केलं, तर ही माइकवर म्हणते, “मी गोदा. मी लय खूश हाय. मला इथं कायबी कमी नाय.” पुढं काही सुचेना, तेव्हा तिला शुभांगीबरोबर जायची त्या भाजीबाजारातलं आठवलं असावं. हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाली, “घ्या ओ ताई, आत्ताच तोडलाय!” कांजीवरम नेसलेल्या सगळ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. साहेब टाळ्या वाजवत होते, पण कपाळाला घाम.

आता जरा नाजूक गोष्ट सांगतो. वहिनींना वाचून दाखवत असाल तर हळू वाचा.

गेली दिवाळी तुम्हाला आठवत असेल, नोव्हेंबरात होती. आमचा झेंडू दसऱ्याला निम्मा गेला होता, बाकीचा दिवाळीसाठी राखलेला. धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी गोदानं टोपलीभर झेंडू मागितला. तिनं मधल्या घरात एक खोकं उलटं ठेवलं, त्यावर शुभांगीची जुनी साडी अंथरली, झेंडूच्या माळा लावल्या, मेणबत्त्या लावल्या आणि मध्ये एका म्हाताऱ्याचा फोटो ठेवला. तिचे आजोबा. त्यांच्यापुढं एक केळं नि चहाचा कप. मला वाटलं लक्ष्मीपूजनाची घाई झाली पोरीला. पण तिनं सांगितलं ते असं की तिच्या देशात याच दिवसांत गेलेली माणसं घरी येतात. त्यांना रस्ता दिसावा म्हणून हेच फूल. (हो, झेंडूच. त्याला तिच्या भाषेत भलतंच लांबलचक नाव आहे.) त्यांना जे आवडायचं ते खायला ठेवायचं. मग ती शुभांगीकडे वळून म्हणाली, “काकू, मंजूचा फोटो द्या. मंजूला काय आवडतं?”

‘आवडायचं’ नाही म्हणाली. मराठी कच्चं होतं तिचं, ‘आवडतं’ म्हणाली.

शुभांगीचा चेहरा पांढरा पडला. “ऐन दिवाळीत घरात हे काय काढलंस?” असं ओरडून ती बाहेर निघून गेली. मळ्यात विहिरीकडे गेली. मी मागं जाऊ की नको या विचारात उंबऱ्यात, आणि गोदा माझ्याकडे पाहून रडवेली. काय चुकलं ते तिला कळेना. मलाही सांगता येईना, कारण काही चुकलंच नव्हतं. मी तिला खोकं उचलून ठेवायला लावलं नाही, एवढं एकच शहाणपण त्या दिवशी माझ्या हातून झालं.

ऊन उतरलं तेव्हा शुभांगी परत आली. थेट स्वयंपाकघरात. थोड्या वेळानं तळणीचा वास सुटला. तिखटमिठाच्या पुऱ्या, दादा. ओवा घातलेल्या. मंजूच्या. त्या पुऱ्या आमच्या घरात दोन वर्षं झाल्या नव्हत्या. शुभांगी ताटली घेऊन आली, कमरेची किल्ली काढून तिनं ती खोली उघडली, कपाटातून फोटो आणला आणि गोदाच्या आजोबांच्या शेजारी ठेवला. मेक्सिकोचा टोपीवाला म्हातारा आणि अकरावीच्या गणवेशातली आमची मंजू शेजारी शेजारी, दोघांपुढं पुऱ्या. शुभांगी खाली बसली आणि बोलायला लागली. मंजू लहानपणी कशी होती, पुरी फुगली नाही तर कशी रुसायची, तापात शेवटी काय म्हणाली. मला जे कधी सांगितलं नाही ते त्या पोरीला सांगत होती. निम्मं तिला कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं, म्हणून मी बाहेर जाऊन म्हशीला चारा घातला. (म्हैस आम्ही दोन वर्षांपूर्वीच विकली. हे चारा टाकून झाल्यावर आठवलं.)

खोली मग उघडीच राहिली. गोदा तिथं झोपायला लागली.

डिसेंबरात क्लबाचा नियम आडवा आला. मुलांनी अधूनमधून घर बदलायचं असतं म्हणे. गोदाला कॉलेज रोडवरच्या एका बंगल्यात नेलं. चौथ्या दिवशी बंगल्यातून साहेबांना फोन, मुलगी नाही. साहेबांचा मला स्टोअरमध्ये फोन. मी सायकल काढून धावतपळत घरी, तर मेक्सिकोची पाहुणी आमच्या मळ्यात, कमरेला पदर बांधल्यासारखी ओढणी बांधून, शुभांगीबरोबर कोथिंबिरीच्या जुड्या बांधतेय. सिटी बसनं आली. कंडक्टरनं विचारलं असेल कुठं जायचं, तिनं सांगितलं असेल घरी. साहेबांनी क्लबाची समजूत घातली. त्यांच्या मनात ते स्टोअरमधलं बोलणं अजून सलत असावं.

जानेवारीत नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे. शुभांगीनं कपाटातून मंजूचा शाळेतला राखाडी स्वेटर काढून दिला. गोदाला हात आखूड व्हायचे, पण तिनं तो होळीपर्यंत अंगातून काढला नाही.

आणि मग जून आला. येणार हे माहीत होतं, कॅलेंडर भिंतीवरच आहे, तरी आला तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

आवराआवरीचा दिवस म्हणजे तमाशा होता. गोदा आली एका बॅगेनं. जाताना सखुबाईंच्या कुरडया, शुभांगीचा काळा मसाला, सांडगे, लाटलेले पापड आणि आमचा लोखंडी तवा. (तवा तिनं मागितला. शुभांगी म्हणाली, घे, आम्हाला दुसरा मिळेल. दुसरा अजून आणलेला नाही, पहिल्याची सवय आहे म्हणते.) एवढं सगळं बसावं म्हणून गोदा स्वतःच्या वस्तू बाहेर काढत होती. बूट काढले, डिक्शनरी काढली. आणि स्वेटर घडी करून मंजूच्या कपाटात ठेवला. शुभांगीनं तो काढून बॅगेत घातला. गोदानं तो पुन्हा कपाटात ठेवला. शुभांगीनं पुन्हा बॅगेत. दिवसभर तो स्वेटर कपाट ते बॅग अशा खेपा घालत होता. मी मध्ये पडलो नाही. या वयात मला कळतं कुठं पडू नये.

मुंबईची सकाळची गाडी होती. क्लबाचे एक गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर इतर गावांची दोन परदेशी मुलं आधीच गाडीत बसून येणार होती, आम्ही नाशिकरोडला गोदाला त्यांच्या डब्यात चढवायचं. आम्ही दोघं, सखुबाई आणि ती बॅग. बॅग रिक्षातून उतरवतानाच माझ्या कमरेनं आवाज केला. गोदा उतरून शेजारी उभी राहिली, आणि तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं, या जूनच्या उकाड्यात अंगात स्वेटर. बॅगेत जागा नव्हती आणि कपाटात ठेवायला शुभांगी देत नव्हती, तेव्हा तिनं तो अंगावर घालून भांडण मिटवलं होतं.

फलाटावर शुभांगीनं तिच्या हातावर दही घातलं. गोदानं चाटलं. मग वाकून पाया पडली आणि तशीच वाकलेली राहून म्हणाली, “काकू, जाते.”

“जाते म्हणू नये गं. येते म्हणावं.” वर्षभर हेच चाललं होतं, पोरगी दुकानात निघाली तरी शुभांगी तिला हटकायची. पण या वेळी गोदा उठली आणि शुभांगीकडे सरळ पाहत राहिली. “काकू, लय लांब हाय. विमानाचं लय पैसं लागतं. येते म्हटलं नि आले नाय तर खोटं होईल.”

शुभांगीनं गोदाच्या तोंडाला लागलेलं दही पदरानं पुसलं आणि म्हणाली, “होऊ दे खोटं. तू म्हण.”

“येते,” गोदा म्हणाली. सखुबाईंनी मोठ्यानं भोकाड पसरलं. आम्हा तिघांच्या वाटचं त्याच रडल्या म्हणा.

गाडी आली. थांबणार थोडा वेळ, दारात गर्दी. मी बॅग घेऊन आत घुसलो. क्लबाचे गृहस्थ डब्याच्या त्या टोकाला. बॅग वर टाकायला गेलो तर कमरेत अशी कळ आली की बॅग डोक्यावर आणि मी अर्ध्यात वाकलेला, ना वर ना खाली. एका पासवाल्यानं नि गोदानं मिळून आधी बॅग काढली, मग मला सरळ केलं. तेवढ्यात गाडी हलली. खिडकीतून शुभांगी दिसली. ती गोदाला हात करत होती, आणि गोदाच्या शेजारी मी दिसल्यावर तिचा हात तसाच हवेत राहिला.

दादा, आता माझी अवस्था पाहा. निरोपाचं जे काही बोलायचं असतं ते सगळं घरी, रिक्षात, फलाटावर बोलून संपलेलं. नीट राहा, अभ्यास कर, आईवडिलांना नमस्कार सांग, सगळं दोनदा झालेलं. आणि आम्ही दोघं समोरासमोर. गोदा माझ्याकडे पाहून हसायला लागली, मीही हसलो, मग दोघांनाही हसू आवरेना आणि मग ते हसू कधी थांबलं ते कळलं नाही. ती खिडकीबाहेर पाहायला लागली.

देवळालीला गाडी थांबली. मला उतरायला हवं होतं. दार मोकळं होतं, कंबरही तेवढी दुखत नव्हती. पण मी उतरलो नाही. कोणी विचारलं तर कारण सांगता येणार नाही. बसून राहिलो.

मग टीसी आले. तिकीट नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी दंड भरला. (तुमचं नाव सांगितलं नाही, दादा. जिभेवर आलं होतं.) पावती फाडता फाडता त्यांचं लक्ष गोदाच्या स्वेटरकडे गेलं. “पोरीला ताप आहे का हो? एवढ्या उकाड्यात स्वेटर?”

त्यांनी आपलं सहज विचारलं. पण माझा हात आपोआप गेला, उलट्या हातानं मी गोदाचं कपाळ पाहिलं. गार होतं. घामानं ओलं आणि गार. मी हात तिथंच ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला असेन.

“ताप नाही,” मी म्हणालो.

“मुलगी का तुमची?”

गोदानं माझ्याकडे पाहिलं. तिला आता एवढं मराठी नक्की कळत होतं.

“हो,” मी म्हणालो.

“कुठं निघाली?”

“शिकायला बाहेर होती. आता चाललीय.” यात खोटं किती नि खरं किती ते तुम्हीच ठरवा. टीसी म्हणाले, “पोरींचं असंच असतं. माझी परवाच सासरी गेली.” आणि पुढं सरकले.

इगतपुरीला उतरलो. गोदाही माझ्यामागून फलाटावर उतरली, क्लबाचे गृहस्थ दारातून ओरडतायत, वर चढ, वर चढ. आदल्या रात्रीपासून मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की निघताना तिला सांगायचं, तू आलीस म्हणून आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. चांगलं वाक्य जुळवलं होतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, “खिडकीतून हात बाहेर काढू नको. पाणी पीत जा.” तिनं मान हलवली. मग तिचं सांगणं सुरू झालं. “काका, काकूला एकटीला भाजी तोडायला पाठवू नका, विहिरीकडं निसरडं हाय. आणि तुम्ही घरी कसं जाणार? रस्ते खणलेत.” मी म्हणालो, जाईन. गाडीनं शिट्टी दिली, ती चढली, आणि खिडकीत बसल्या बसल्या तिनं पहिलं काय केलं असेल तर हात बाहेर काढला. गाडी वळेपर्यंत तो राखाडी हात दिसत होता, आखूड बाहीचा.

मी काळीपिवळीत कोंबून घेऊन परत आलो, मध्ये दोनदा गाडी बदलली. घरी पोचलो तेव्हा शुभांगी त्या खोलीत केर काढत होती.

“नीट बसली का?”

“बसली.”

“कुठपर्यंत गेलात?”

“इगतपुरी.”

तिनं केरसुणी ठेवली. ताटं वाढली. ठेचा होता, सवयीनं गोदाच्या मापाचा केला असणार, असं समजून मी भीतभीतच घास घेतला. पण दादा, ठेचा तिखट नव्हता. मीठ नि मिरची दोन्ही घालायला ती विसरली होती, नुसता लसूण नि दाणे. तरी आम्ही दोघं नाक पुसत जेवलो आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही.

तर असं आहे. वाईट काही झालं नाही, पोरगी आपल्या आईबापाकडे सुखरूप गेली, यात रडण्यासारखं काय, असं मी शुभांगीला रोज समजावतो. ती म्हणते, मी कुठं रडतेय, तुम्हीच. आता पत्र आवरतो. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तिळाचं तेल लावा, जिना चढायची वेळ आली तर दुसऱ्या कोणाला पाठवा.

तुमचा,
गोरक्ष

ता. क. देवळालीचं जे वर लिहिलंय ते तुमच्यापाशीच ठेवा. शुभांगीला मी सांगितलंय की त्या दिवशी गाडी देवळालीला थांबलीच नाही. तुम्ही रेल्वेतले आहात, तिनं कधी विचारलं तर तुम्हीही तसंच सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे.

ता. क. २. पत्रास कारण खास नाही असं सुरुवातीला लिहिलं, ते बरोबर नाही. चार पानं खर्ची घातली तरी मूळ गोष्ट लिहायचा धीर होत नव्हता. वहिनींनी परवा फोनवर शुभांगीला सांगितलं की तुमची वेदिका बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला नाशिकच्या कॉलेजात घालून होस्टेलला ठेवायचं चाललंय. फोन ठेवल्यावर शुभांगी बराच वेळ तिथंच उभी होती. दादा, नाशिकात चुलत्याचं घर असताना पोरगी होस्टेलला का, हे मी विचारत नाही. मला माहीत आहे. आमच्या डोळ्यांपुढं तिच्याच वयाची मुलगी नको, आम्हाला त्रास होईल, म्हणून तुम्ही बोलला नाहीत. तुमचा विचार मायेचा आहे. पण होणारा त्रास आम्हाला होऊ द्या. तिला इकडे पाठवा. कॉलेजला सिटी बस जाते, आणि बसमधून आपणहून घरी येणाऱ्या मुलींची आम्हाला सवय आहे.

ता. क. ३. हे शुभांगी शेजारी उभी राहून लिहायला लावतेय. खोलीला रंग द्यायचा आहे. आधीचा गुलाबी मंजूनं निवडलेला, तो आहे तसाच ठेवावा असं माझं म्हणणं. शुभांगी म्हणते, नाही, जी राहणार तिचा रंग. रंगारी उद्यापासून मोकळा आहे. वेदिकाला कोणता हवा ते तिला विचारून लगेच कळवा.